सोबतीचा पगार

आई, तुझी बोटं काळी आहेत हे मला कितीतरी वर्षं जाणवलंच नव्हतं. वाडीतल्या सगळ्याच बायकांची तशी होती. काजूच्या कारखान्यात बिया फोडायला बसायचं, टरफलातलं तेल लागून कातडी भाजायची, तिच्यावर राख चोळायची आणि सकाळी पुन्हा त्याच पाटावर जाऊन बसायचं. बाबा तिकडे अबूधाबीजवळ, मुसफ्फाच्या एका वर्कशॉपमध्ये होते. शेजारणी म्हणायच्या, तुमचं काय बाई, दुबईचा पैसा. त्यांना सगळं आखात म्हणजे दुबईच. तो पैसा आधी आजोबांच्या औषधाला जायचा, मग आत्याच्या लग्नाला, मग लग्नानंतरच्या मानपानाला. आपल्या दोघींच्या वाट्याला पेज आणि भाजलेली सुकट. बाबा दोन वर्षांनी एकदा यायचे, खोबरेल तेलाच्या बाटल्या इथून तिकडे न्यायचे आणि तिकडून साबणाच्या वड्या आणायचे. मला ते पाहुणेच वाटायचे.

कुवेतचं युद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षी दुकानदाराच्या फोनवर निरोप आला की बाबांना अपघात झाला. मी रडायला लागले. तू फोन हातात घेऊन आधी विचारलंस, "कोण बोलतंय? त्यांच्याच कंपनीतला कशावरून?" पलीकडे गोविंदमामा होता, बाबांचा कामावरचा जोडीदार, तुझा मानलेला भाऊ. दर भाऊबीजेला तू त्याच्या नावाचं निरांजन लावायचीस, तरी त्याला त्याच्या गावाचं आणि आईचं नाव विचारूनच तू पुढचं ऐकून घेतलंस.

बाबा रिगर होते. क्रेनला माल पट्ट्यांनी बांधायचा, हाताच्या खुणा करून क्रेनवाल्याकडून उचलून घ्यायचा, हे त्यांचं काम. दुसऱ्या कुणीतरी बांधलेला लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा फिरला आणि बाबा भिंतीशी चेपले गेले. कमरेखालचं सगळं गेलं. हात शाबूत, बोलणं शाबूत, पण खाली काही नाही.

कंपनीचा म्हातारा मालक हॉस्पिटलात आला होता. गोविंदमामाने आपल्याला ते इतक्या वेळा सांगितलं की मी तिथे होते असंच मला वाटतं. म्हातारा म्हणाला, याला गावी पाठवलात तर हा मरेल, आणि इथे परका माणूस ठेवून पगार द्यायचाच आहे तर याच्या बायकोला बोलवा आणि तोच पगार तिला द्या, खलास. अशी तू मुसफ्फाला गेलीस. वर्कशॉपमागच्या क्वार्टरमध्ये तळमजल्याच्या दोन खोल्या, आणि दर महिन्याला सहाशे दिरहम तुझ्या नावावर. "म्हणजे जवळजवळ पाच हजार," तू गोविंदमामाला म्हणालीस, "आपल्या हेडमास्तरांपेक्षा जास्ती. फुकट एवढे कोण देतं? ह्यात काहीतरी असणार." कंपनीच्या भाषेत त्याला अटेंडंट अलाउन्स म्हणायचे. आपल्या घरात तो सोबतीचा पगार.

मी मावशीकडे राहून बारावी झाले आणि मग तुमच्याकडे आले. पोस्टाने बी.कॉम. करायचं ठरवलं. अभ्यासाची पुस्तकं टपालाने यायची, परीक्षा अबूधाबीच्या केंद्रात. आपल्या घराण्यात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, आणि मला त्याचा ताठा होता. अजून आहे. तुला मात्र त्या युनिव्हर्सिटीचाही संशय. घरी बसून कुणी पदवीधर होतं का, असं विचारायचीस. त्यांना इमारत आहे का? तू बघितलीस? मी म्हणायचे, आई, मार्कशीट येते ना. तू म्हणायचीस, कागद काय, कुणीही छापतं.

परवा तुझ्या कार्याला आलेल्या बायका तुझ्याविषयी चांगलंच बोलत होत्या. शेवटी एक म्हणालीच, फक्त स्वभाव जरा संशयी होता हो. संशयी होतीसच. सुरमई स्वस्त मिळाली तर मासेवाल्याचं काय काम अडलंय ते शोधायचीस. एसी दुरुस्त करणारा पठाण आत असला की दाराशी उभी राहायचीस. ह्याचा मला राग यायचा. त्यात भर पडली ती त्या वर्षी, म्हातारा मालक वारल्यावर मुलाने कारभार हातात घेतला आणि कंपनीतल्या सगळ्या जास्तीच्या पगारांचा रिव्ह्यू काढला तेव्हा.

पत्र इंग्रजीत होतं. मी तुला मराठीत करून सांगितलं. आजारी कामगाराची प्रकृती सुधारल्याचं एका फोटोवरून निदर्शनास आलं आहे, सबब सोबतीच्या पगाराची गरज उरली आहे का हे तपासायला पर्सोनेलचे साहेब घरी येतील. पगार बंद झाला तर तुझा व्हिसा बंद. तुझा व्हिसा बंद झाला तर बाबांना कंपनीच्या खोलीत एकटं ठेवतील, नाहीतर तुमच्या दोघांचं तिकीट काढतील. गावी आपल्या घरी जायला डोंगरातली दगडी पायऱ्यांची पाखाडी, आणि हॉस्पिटल रत्नागिरीला. म्हातारा मालक जे म्हणाला होता ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक होतं.

पत्र संपल्यावर तू एवढंच विचारलंस, कसला फोटो?

फोटो एकच असू शकत होता. त्या भाद्रपदात आपण सबनीस वहिनींकडे गणपतीला गेलो होतो. अबूधाबी शहरातला सातवा मजला, मिस्टर सबनीस एका मोठ्या ऑफिसात इंजिनियर, मुलं आपण मराठीत बोललो की इंग्रजीत उत्तर देणारी. वहिनी पुण्याच्या, पण आपल्यासारख्यांनाही बोलवायच्या. अपघातानंतर बाबा पहिल्यांदाच कुणाच्या घरी आले होते. खिडक्या लावून, टाळ्या हळू वाजवत आरती सुरू व्हायची होती. सगळे उठले. बाबा चाकाच्या खुर्चीत मान खाली घालून बसले. आरतीला बसून राहायचं म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला लागत नाही. गोविंदमामा पुढे आला आणि तुला म्हणाला, "ताई, तू हो म्हण. आम्ही भावोजींना उभं करतो."

कुणावर विश्वास न ठेवणारी तू, हो म्हणालीस.

बाबांना खुर्चीतून उचलायचा पट्टा आपण सोबत आणला होता, पाइप उचलायचा रुंद नायलॉनचा, वर्कशॉपने बाद केलेला. तो त्यांनी झब्ब्याच्या आत कमरेला आणि मांड्यांखालून घातला. एका बाजूला गोविंदमामा, दुसऱ्या बाजूला वर्कशॉपमधलाच एक, दोघांच्या मुठीत पाठीमागे पट्ट्याची टोकं. क्रेनला खूण करावी तशी गोविंदमामाने भुवई उडवली आणि बाबा वर आले. गुडघे वाकत होते. तू मागे जमिनीवर बसलीस आणि दोन्ही हातांनी त्यांचे गुडघे सरळ दाबून धरलेस. पुढे चौरंग आणि मखर, त्यामुळे कमरेखालचं काही दिसत नव्हतं. वहिनींनी आरतीचं ताट बाबांच्या हातात दिलं. त्यांचा धाकटा ओरडला, "अंकल, डोन्ट फॉल, ओके?" बाबा हसले, आणि वहिनींनी फोटो काढला.

त्या फोटोत बाबा ताठ उभे आहेत. दोन बाजूला दोन दोस्त, खांद्याला खांदा लावून. तू कुठेच नाहीस.

वहिनींनी सगळ्यांना प्रती दिल्या होत्या. म्हणजे त्या दिवशी त्या हॉलमध्ये जेवढे होते तेवढे सगळे संशयित. पत्र आलं त्या दिवसापासून तू एकेकाला घेतलंस. अमका कंपनीत ओळखी काढत फिरतो. तमक्याच्या बायकोने तुझ्या पगाराचा आकडा विचारला होता. आणि शेवटी तुझी सुई वहिनींवर येऊन थांबली. फोटो त्यांचा, कॅमेरा त्यांचा, नवरा साहेबांच्यात ऊठबस करणारा. मी विचारलं, त्यांना ह्यातून काय मिळणार? तू म्हणालीस, मिळायलाच पाहिजे असं कुठे आहे. ही माणसं हसत हसत बोलून जातात, आमच्याकडे तो पांगळा माणूससुद्धा उभा राहिला, असं. मग ते जायचं तिथे जातं. हे तू बाबांच्या पलंगाशी उभी राहून, मोठ्या आवाजात बोलायचीस. रोज. बाबा ऐकायचे. एकदा म्हणाले, अगं त्या तशा नाहीत. तू त्यांना एवढी झापलीस की ते कूस वळवून दे म्हणाले, भिंतीकडे.

संशय मला लागला नाही असं नाही. खिडकीशी कंपनीची पांढरी गाडी थांबली की मीही पडद्याआडून बघायचे. मी फोनवर हसले तर तू खूण करायचीस, आजाऱ्याच्या घरात हसणं ऐकू जायला नको. बाबांना स्वतः दाढी करू देणं तू बंद केलंस. वाटी हातात देईनाशी झालीस, भरवायला लागलीस. आणि साहेब यायच्या आदल्या दिवशी मी परीक्षेचा फॉर्म भरून घरी आले तर तू बाबांना कुशीवर करून त्यांच्या पाठीच्या अगदी खाली, माकडहाडावर औषधाची पट्टी चिकटवत होतीस.

पाठीला काही झालं नव्हतं. इतक्या वर्षांत कधीच काही झालं नव्हतं, कारण तू दिवसा आणि रात्री त्यांना वळवत राहायचीस, पाठ पुसायचीस, पावडर लावायचीस. ज्यांना हलता येत नाही त्यांना अंथरुणाच्या जखमा होतात आणि त्या जखमांनीच माणूस जातो, हे हॉस्पिटलातल्या नर्सने तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. आणि आता तूच खोटी जखम करत होतीस.

आपलं तेव्हाचं भांडण मला शब्दाशब्दाने आठवतं. मी म्हणाले, हे खोटं आहे, आणि खोटं पकडलं गेलं तर खरंही जाईल. तू म्हणालीस, पाठ चांगली बघितली तर म्हणतील ह्याला झालंय काय. मी म्हणाले, मी शिकलेली आहे, मी त्यांच्याशी इंग्रजीत बोलेन. तू म्हणालीस, "तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव गो बाय. खरं असलं तरी ते दिसायला लागतं." मी पट्टी ओढून काढली. बाबांना ते जाणवलंसुद्धा नाही, आणि तिथेच आपलं भांडण थांबलं. पट्टी तू पुन्हा लावली नाहीस. हा वाद आपण कधीच संपवला नाही. तू हरलीस म्हणून गप्प बसलीस की मला दमलेली बघून, ते मला कळलं नाही.

थॉमस साहेब केरळचे होते. चष्मा, हातात फाइल, घाम पुसायला घडी घातलेला रुमाल. चहा नको म्हणाले. मी इंग्रजीत सुरुवात केली, तयार केलेली वाक्यं होती. त्यांनी ऐकून घेतली आणि फाइलमधून फोटो काढून बाबांसमोर धरला. हा कोण, विचारलं.

बाबांचा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं, स्वतःला उभं बघून आनंद झाला असेल. ते हसत म्हणाले, "मैं हूं साब. ये फोटो तो मैंने…"

तू मध्येच बोललीस. इतक्या जोरात की साहेबही दचकले. बाबांना ठसका लागतो, त्यांना बोलायला लावू नका, काय विचारायचं ते मला विचारा. आणि बाबांच्या तोंडाला पाण्याचा पेला लावलास. त्यांना तहान नव्हती. त्यांनी ते निमूट प्यायलं. त्या क्षणी मला तुझी लाज वाटली. एवढी कसली भीती, असं वाटलं.

साहेब तुझ्याकडे वळले. ह्या फोटोतला माणूस उभा आहे, मग त्याला चोवीस तास सोबत कशाला लागते, असं त्यांनी साधं विचारलं. चिडून नाही. मी पुन्हा इंग्रजी सुरू करणार तेवढ्यात तू पलंगाखालून तो पट्टा काढलास आणि तुझ्या त्या मोडक्या हिंदीत म्हणालीस, "तुम उठाव साहेब. मैं हात नहीं लगाती."

त्यांना वाटलं तू टाकून बोलतेयस. मग तू पट्टा बाबांच्या कमरेखालून घातलास, टोकं साहेबांच्या हातात दिलीस आणि खरंच दोन पावलं मागे झालीस. साहेबांनी फाइल खाली ठेवली. रुमाल खिशात घातला. ओढलं. बाबा पलंगाच्या कडेपर्यंत आले आणि तिथून त्यांचं सगळं अंग साहेबांवर गेलं. साहेब काही दुबळे नव्हते, पण मेलेल्या पायांचं वजन कसं असतं ते ज्याने उचललं नाही त्याला समजत नाही. बाहेर थांबलेला त्यांचा ड्रायव्हर धावत आत आला. दोघांनी मिळून बाबांना थोडं उभं केलं, पण गुडघे मुडपले. साहेबांच्या शर्टाचं बटण तुटलं. ते म्हणाले, "पकडो, पकडो, नीचे से कोई पकडो."

तेव्हा तू जमिनीवर बसलीस आणि गुडघे धरलेस. बाबा सरळ झाले. अगदी फोटोतल्यासारखे.

साहेब धापा टाकत होते. त्यांनी पलंगावरच्या फोटोकडे बघितलं, मग खाली तुझ्याकडे. विचारलं, फोटोत तुम्ही कुठे आहात?

"इधरीच," तू म्हणालीस. "इधर बैठी थी. दिखती नहीं."

बाबांना परत झोपवल्यावर साहेबांनी त्यांची पाठ बघायला मागितली. मी तुझ्याकडे बघितलं नाही. तू बाबांना कुशीवर केलंस. साहेब वाकून बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, त्यांचे वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळून होते, घरात नर्स ठेवली होती, तरी पाठ अशी राहिली नव्हती. एवढंच. फाइल घेऊन गेले. फोटो ऑफिसात कुणी दिला, असं मी दारात विचारलं. ते म्हणाले, तो प्रश्न माझ्या कामाचा नाही, तुमच्याही नाही.

दार लावल्यावर तू म्हणालीस, पाठ चांगली म्हणून लिहून गेला, आता बघ. त्यानंतरचे दिवस तू कुणाशी धड बोलली नाहीस. मी परीक्षेला बसले, आणि प्रत्येक पेपर देऊन येताना दारात तिकिटं घेऊन कुणी उभं असेल असं मला वाटायचं.

मग थॉमस साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. मला 'मिस' म्हणाले, खुर्ची दिली. सांगितलं, पगार तसाच चालू राहील, आणि जोवर तुमचे वडील आहेत तोवर ह्याचा रिव्ह्यू होणार नाही, असं लिहून मालकाची सही घेतली आहे. मी घरी येऊन तुला सांगितलं. तू विचारलंस, सही तू डोळ्यांनी बघितलीस? मी हो म्हणाले. तू स्वयंपाकघरात गेलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. आलीस तेव्हा शिरा केला होतास.

मला वाटलं, आता संपलं. तू पुन्हा माणसांत येशील. पण संक्रांतीला सबनीस वहिनी तिळगूळ घेऊन आल्या, टॅक्सीने, एवढ्या लांब मुसफ्फात, तर तू दारातच वाटी घेतलीस. आत या म्हणाली नाहीस. वहिनी म्हणाल्या, "अहो, माझं काय चुकलं ते तरी सांगा." तू म्हणालीस, घरात आजारी माणूस आहे. त्या मान खाली घालून टॅक्सीकडे गेल्या. त्यानंतर आपण त्यांच्या गणपतीला गेलो नाही. कुणाच्याच गेलो नाही. ते पुण्याला परत गेले तेव्हा निरोपाचा फोन आला होता. तू घेतला नाहीस, बाबांनी हात पुढे केला तर रिसीव्हर त्यांनाही दिला नाहीस.

ह्यासाठी मी तुला माफ केलं नव्हतं. पगार वाचला, मग हे कशाला, असं मी तुला कितीदा विचारलं. तुझं उत्तर ठरलेलं, "तुला काय कळतंय." मी पदवीधर झाले होते, नोकरीला लागले होते, आणि तू मला म्हणायचीस, तुला काय कळतंय.

मग बाबा गेले. तू गावी परत गेलीस. मी तिकडेच नोकरीत राहिले, रजा मिळेल तशी येत गेले. ह्या पावसाळ्याच्या शेवटी तू गेलीस आणि मी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं.

तेराव्याला गोविंदमामा आला. तो आता कायमचा गावी असतो, गुडघे गेलेत, काठी घेऊन चालतो. जेवणं झाल्यावर त्याने मला मागच्या पडवीत बोलावलं आणि तो फोटो ऑफिसात कसा गेला ते सांगितलं.

बाबांनीच दिला होता. आपल्या घरची प्रत त्यांनी गोविंदमामाच्या खिशात कोंबली आणि म्हणाले, वर्कशॉपच्या जेवणाच्या खोलीत लाव, पोरांना दिसू दे मी उभा राहिलोय ते. ताईला सांगू नको, ओरडेल. गोविंदमामाने तो हजेरीच्या घड्याळाच्या वर चिकटवला. तिथून तो फाइलमध्ये गेला. पत्र आल्याचं कळलं तसा हा धावत आला आणि स्वयंपाकघरात तुझ्या पाया पडला. आणि तू काय केलंस? तू त्याला शपथ घातलीस. तुझ्या भावोजींना हे कळता कामा नये. एकदा उभे राहिले त्याचा त्यांना केवढा आनंद झालाय. आपल्या हौसेपायी बायकोवर हे आलं असं कळलं तर हा माणूस अन्न सोडेल.

म्हणजे साहेब घरी आले तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. बाबांच्या तोंडाला तू पाण्याचा पेला लावलास तो म्हणून. आणि पलंगाशी उभं राहून मोठमोठ्याने लोकांची नावं घ्यायचीस तीही म्हणून. एका फोटोच्या इतक्या प्रती होत्या. साहेबांच्या हातातली कुणाची, हे बाबांना कळायला मार्ग नव्हता, आणि त्यांच्या मनात स्वतःचं नाव येऊ नये म्हणून तू दुसऱ्या सगळ्यांची नावं तिथे भरून ठेवलीस.

आई, मी तुझीच मुलगी. गोविंदमामावरही मी लगेच विश्वास ठेवला नाही. तू गेल्यावरच बरं सांगतो आहे हा, बाबाही नाहीत, खोडून काढायला कुणीच नाही. फोटो ह्यानेच परस्पर लावला असेल तर? मी त्याला उलटसुलट विचारलं, जसं तू फोनवर विचारलं होतंस. तो रागावला नाही. म्हणाला, "विचार बाय, विचार. तुझी आई पण त्या दिवशी असंच विचारत होती." मग मी थांबले. बाबांचं ते अर्धं राहिलेलं वाक्य मी स्वतः ऐकलं होतं. ते पुरं करायला दुसरं काही बसत नाही.

मला तुझा अभिमान वाटतो आणि राग जात नाही. बाबांना वाचवायला तू वहिनींचा बळी दिलास. पुण्याहून एवढ्या लांब आलेली ती बाई, आपल्यासारख्यांना घरात घेणारी, आपलं काय चुकलं ह्याचा विचार करत परत गेली. तिच्याऐवजी एखादं खोटं नाव घेतलं असतंस तर? की रोज दिसणारं, खरं वाटेल असं माणूसच लागत होतं? आणि मला का नाही सांगितलंस? मी गुपित ठेवू शकले नसते असं वाटलं, की खोट्याला मी पट्टीसारखी ओढून काढीन असं वाटलं? काढली असती. तुझं बरोबर होतं. मी त्या वयात बाबांना सांगितलं असतं, आणि खरं बोलले म्हणून ताठ मानेने हिंडले असते.

वहिनींचा पुण्याचा नंबर मी मिळवला आहे. अजून लावला नाही. लावला तर बाबांचं नाव सांगावं लागेल, आणि तू ते इतकी वर्षं सांभाळलंस. नाही लावला तर त्यांच्यावर तो आळ तसाच राहतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, आता काय त्याचं, राहू दे. मी राहू देईन असं मला वाटत नाही. आपलं हे भांडण आता मला एकटीलाच संपवायचं आहे.

पण जे झालं ते सरळ सांगते. रिव्ह्यू पुन्हा कधी निघाला नाही. सोबतीचा पगार बाबांच्या शेवटच्या महिन्यापर्यंत तुझ्या नावावर जमा झाला. त्यांना कुणी गावी पाठवलं नाही. ते मुसफ्फाच्या त्या दोन खोल्यांत, आपल्या पलंगावर, तुझ्यासमोर गेले. आपल्यामुळे घरावर काही आलं होतं, हे त्यांना कधीही कळलं नाही.